पासष्ट हजार अंश

लॅपटॉप तापला आहे हे कळावं म्हणून निसर्गाने माणसाला मांडी दिली आहे. मांडीची पट्टी सोपी असते. पहिली खूण कोमट; डिसेंबरात तर ती हवीहवीशी वाटते. दुसरी खूण म्हणजे खाली उशी घ्यावीशी वाटणं. उशी घेतली की लॅपटॉपच्या पोटाखालची हवेची भोकं बुजतात आणि तिसरी खूण फार वाट बघायला लावत नाही. तिसऱ्या खुणेला माणूस आपणहून उठतो. या मोजमापात दशांश चिन्ह नाही, पण कुणाची मांडी आजवर खोटं बोलल्याचं ऐकिवात नाही.

एवढ्यावर उत्तम भागत असताना लोक लॅपटॉपच्या पोटातले सेन्सर वाचण्याच्या मागे का लागतात? बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर एकच असतं. भाचा.

लॅपटॉप सात-आठ वर्षांचा झाला की त्याचं काय करायचं यावर घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, मोडीत द्या. दुसरा तट म्हणजे इंजिनिअरिंगला असलेला भाचा. तो एका रविवारी जेवायला येतो, जेवण होईपर्यंत जुनी डिस्क काढून नवी एसएसडी बसवतो, तीवर लिनक्स चढवतो आणि बडीशेप तोंडात टाकत सांगतो, "रॉकेट झालं मामा आता तुमचं." रॉकेट होतंही. फक्त मे महिन्यात नागपुरात ते उडायच्या बेतात असल्यासारखा आवाज करू लागतं. फोन करून भाच्याला विचारावं, बाबा रे, हा पंखा एवढा का कोकलतो, तर तो म्हणतो, "टेम्परेचर काय दाखवते? पाहिलं नाही? लिनक्समध्ये सगळं दिसते ना मामा." झालं. इथून पुढे मांडीला कुणी विचारत नाही.

या कामासाठी लिनक्सवर जो प्रोग्रॅम आहे त्याचं नाव एलएम-सेन्सर्स. १९९८च्या सुमारास काही हौशी मंडळींनी तो लिहायला घेतला. तेव्हा मदरबोर्डवर नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या एलएम ७५, एलएम ७८ अशा चिप असत. त्या तापमान, व्होल्टेज आणि पंख्याचे फेरे मोजत. त्या चिप आता तुमच्या-माझ्या लॅपटॉपमध्ये नाहीत, पण पाटी बदलायच्या भानगडीत कुणी पडलेलं नाही. प्रोग्रॅम इन्स्टॉल करायला मिनिटही लागत नाही. वेळ लागतो तो सेन्सर्स-डिटेक्ट या त्याच्या धाकट्या भावंडाला तोंड द्यायला.

सेन्सर्स-डिटेक्टचं काम म्हणजे यंत्रात कुठे काय मोजणारं दडलंय ते हुडकून काढणं. पण तो हुडकण्याआधी परवानगी मागतो, आणि परवानगी मागताना जे सांगतो ते ऐकून माणसाचाच पारा चढतो. पहिला प्रश्न असतो प्रोसेसर आणि त्याच्या जवळच्या चिपबद्दल. ते तपासणं पूर्णपणे सुरक्षित आहे, असं तो सांगतो. आपण निवांत होतो. दुसरा प्रश्न सुपर आयओ नावाच्या चिपबद्दल. हे सहसा सुरक्षित असतं, असं तो म्हणतो. 'पूर्णपणे'चं 'सहसा' कधी झालं ते पटकन लक्षात येत नाही. मग तो आयपीएमआयबद्दल विचारतो आणि हे मुख्यतः सर्व्हरवर सापडतं असंही सांगतो. समोर स्पेसबारवर 'क्ष' चिकटवलेला, चार्जर सेलोटेपने सांधलेला लॅपटॉप; त्याला हा प्रश्न. बहुमान समजून आपण पुढे जातो.

पुढचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. तो आयएसए पोर्टबद्दल आहे. आयएसए ही आयबीएमच्या ऐंशीच्या दशकातल्या पीसीबरोबर आलेली जुनी जोडणी. तिचे स्लॉट दिसेनासे होऊन एक पिढी झाली. प्रोग्रॅम आपल्या मनातली शंका ओळखतो आणि आपण काही बोलायच्या आत उद्गारचिन्हासकट सांगतो की होय, स्लॉट नसले तरी पोर्ट तुमच्याकडे आहेतच! वर अशी माहिती पुरवतो की ते तपासायला वाटेल त्या पोर्टवर काहीबाही लिहून बघावं लागतं, पण सहसा काही होत नाही. शेवटी आय-टू-सी म्हणजे दोन तारांच्या बसची पाळी येते. तिथे तो आडपडदा ठेवत नाही. हा यातला सगळ्यांत धोक्याचा भाग, बहुतेक यंत्रांवर बऱ्यापैकी चालतो, काहींवर गडबड झाल्याच्या तक्रारी आहेत. हो म्हणू का नको?

प्रत्येक प्रश्नापुढे कंसात दोन उत्तरं असतात आणि त्यांतलं एक मोठ्या लिपीत छापलेलं असतं. ते प्रोग्रॅमचं स्वतःचं मत. नुसतं एंटर दाबलं की त्याचं मत तेच आपलं मत. ही सोय नसती तर लिनक्सवर आजवर कुणालाच आपल्या लॅपटॉपचं तापमान कळलं नसतं.

यातली भीती मात्र हवेतली नाही. आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅडांत एक ईईप्रॉम चिप होती. लॅपटॉपची मूळ माहिती तिच्यात साठवलेली असे. सेन्सर शोधण्यासाठी ती दोन तारांची बस चाचपली की या चिपमधला मजकूरच बिघडायचा आणि लॅपटॉप पुन्हा सुरूच व्हायचा नाही. ताप किती आहे बघायला गेलं आणि रोगीच दगावला. पुढे लिनक्सच्या ड्रायव्हरमध्येच तजवीज झाली : यंत्र आयबीएमचं आहे असं दिसलं की ड्रायव्हर सरळ काम नाकारायचा. आजच्या लॅपटॉपला ती भीती नाही, पण प्रश्नाचा सूर तेव्हाचाच राहिला आहे. दुधाने तोंड पोळलेलं, ताक फुंकणं चालू आहे.

एवढी सगळी झडती झाल्यावर हाती काय लागतं? लॅपटॉपवर बहुतेक वेळा एकच नाव निघतं : कोअरटेम्प, म्हणजे इंटेल प्रोसेसरच्या आतले सेन्सर. त्याचा ड्रायव्हर तर कर्नलने लॅपटॉप सुरू होतानाच चढवून ठेवलेला असतो. म्हणजे हे सारे प्रश्न न विचारता, एंटर न दाबता, तोच आकडा मिळाला असता. तरीही शेवटी सेन्सर्स-डिटेक्ट विचारतो की सापडलेलं सगळं फाइलमध्ये लिहून ठेवू का, आणि या प्रश्नाला त्याचं स्वतःचं मत 'नको' असं आहे. इतका वेळ धोका पत्करायला तयार असलेला गडी दोन ओळी लिहायची वेळ आली की मागे सरतो.

आता 'सेन्सर्स' एवढंच टाइप करून एंटर दाबायचं. काळ्या खिडकीत जी यादी येते तिच्यातला एकेक नग निरखून बघण्यासारखा आहे.

पहिला असतो एसीपीआयटीझेड. हा मदरबोर्डच्या फर्मवेअरने पुरवलेला आकडा. माझ्याकडे तो २७.८ आहे. सकाळी सहाला २७.८. दुपारी दोनला, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, २७.८. नवतपा चालू आहे, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलाय, कुत्री पाण्याच्या टाकीखालून हलत नाहीत, आणि माझ्या लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात महाबळेश्वर आहे. कौतुक म्हणजे हा २७.८ माझ्या एकट्याचा नाही; जगभरच्या कित्येक मदरबोर्डांवर नेमका हाच आकडा वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला आहे. त्याचं गणित असं : फर्मवेअर तापमान केल्विनच्या दहाव्या हिश्शात सांगतं. कुणीतरी तिथे खरा सेन्सर जोडण्याऐवजी ३०१० हा आकडा लिहून टाकला. त्यातून २७३२ वजा केले की उरतात २७८, म्हणजे २७.८ अंश. रकाना रिकामा राहू नये म्हणून भरलेला आकडा. सरकारी तक्त्यांशी ज्याचा संबंध आला आहे त्याला याचं नवल वाटणार नाही.

त्याच्याखाली वायफाय कार्ड. वायफाय बंद असेल तर हे तापमान सांगत नाही. 'लागू नाही' म्हणतं. कामावर नसताना माहिती देत नाही, हे तत्त्व मला मान्य आहे.

मग भाच्याने बसवलेली एसएसडी. ही सालस आहे, ४३ वगैरे काहीतरी पटेल असं सांगते. पण प्रत्येक आकड्यापुढे कंसात त्याच्या मर्यादा येतात, किती खाली चालेल आणि किती वर गेलं की धोका. तिच्या एका सेन्सरपुढे खालची मर्यादा होती उणे २७३.१, आणि वरची ६५२६१.८. दोन्ही अंश सेल्सिअस. म्हणजे विश्वात ज्याच्याखाली थंडी जाऊच शकत नाही तिथपासून, सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा असतो त्याच्या जवळजवळ बारापटीपर्यंत, ही डिस्क काळजीचं कारण समजत नाही. एवढी वॉरंटी तर तिच्या खोक्यावरही लिहिलेली नव्हती. यामागेही हिशेबच आहे. या डिस्का तापमान केल्विनमध्ये, दोन बाइटांत साठवतात. मर्यादा कुणी ठरवलीच नसेल तर खालच्या खणात शून्य आणि वरच्या खणात दोन बाइटांत मावणारा सगळ्यांत मोठा आकडा, ६५५३५, तसाच पडून राहतो. त्यातून २७३ आणि चिल्लर वजा करून प्रोग्रॅम तो आपल्याला निर्विकारपणे दाखवतो. बायकोने खांद्यावरून डोकावून विचारलं, "पासष्ट हजार कशाचे? बिल आलं का?"

राहता राहिला प्रोसेसर. तो खरं बोलतो असा सगळ्यांचा समज असतो, आणि बोलतोही. पण त्याच्या चालीने. आंदर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये आपली पट्टी मांडली तेव्हा तीत पाणी शून्याला उकळत होतं आणि शंभराला गोठत होतं. पट्टी नंतर उलटवण्यात आली. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर मात्र अजून मूळ घराण्याचाच आहे. तो तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेला किती अंश कमी आहेत तेवढंच सांगतो. मर्यादा शंभराची आणि सेन्सर म्हणाला 'चाळीस बाकी', की ड्रायव्हर वजाबाकी करून आपल्याला साठ दाखवतो. एएमडीचा मामला याहून रंगतदार. २०१७ सालच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांच्या आकड्यात वीस अंश पदरचे घातलेले असत. सगळ्या मॉडेलांत पंखे सारख्याच रीतीने फिरावेत म्हणून कंपनीने ही तरतूद केली होती. ज्यांना ठाऊक नव्हतं ते थंडगार प्रोसेसरकडे बघून घाम पुसत बसले.

पंख्याचं तर विचारूच नका. डेस्कटॉपचा पंखा बहुधा दिसतो. लॅपटॉपचा पंखा एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या वेगळ्या छोट्या चिपच्या ताब्यात असतो. तिच्याशी कसं बोलायचं हे कंपन्या सहसा सांगत नाहीत, म्हणून लिनक्सवाले अंदाजाने, चाचपडत शोधून काढतात. थिंकपॅडचा पंखा वाचता येतो, पण तोही अधूनमधून ६५५३५ फेरे सांगतो. पुन्हा तोच आकडा! माझ्या यादीत पंखा नाहीच. आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतो, पण कागदोपत्री तो अस्तित्वात नाही. मोठ्या आशेने मी पंख्याचा वेग आपल्या हाती घेण्याचा पीडब्ल्यूएमकॉन्फिग नावाचा प्रोग्रॅम चालवला. त्याने एका ओळीत कळवलं की ताब्यात घेण्याजोगं इथे काही नाही.

तरी माणूस हे सगळं दिवसभर बघत बसतो. कोविडच्या साथीत ऑक्सिमीटरने जे केलं तेच. ज्यांना साधी शिंकही आली नव्हती ते दर तासाला बोट घालून बसत. सत्त्याण्णवचे शहाण्णव झाले की घरात कुजबुज आणि पुन्हा सत्त्याण्णव झाले की चहा. लॅपटॉपवर यासाठी 'वॉच' ही आज्ञा आहे, ती दर दोन सेकंदांनी यादी ताजी करते. ५४. ५६. ५५. ६१! काय झालं? काही नाही, मी दुसरी खिडकी उघडली. ते कमी पडलं तर डेस्कटॉपच्या कोपऱ्यात कायम आकडे दाखवणारा कॉन्की नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याला सेन्सरची फाइल दाखवून द्यावी लागते, कारण लिनक्समध्ये तापमान हीदेखील एक फाइल असते. ती उघडली तर आत ५४००० लिहिलेलं सापडतं. घाबरू नये, ते अंशाचे हजारावे भाग आहेत. घाबरायचं ते फाइलीच्या पत्त्याला. त्यात एचडब्ल्यूमॉन ३, एचडब्ल्यूमॉन ५ असे क्रमांक असतात आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला की ते बदलू शकतात. सोमवारी प्रोसेसरचं म्हणून कोपऱ्यात लावलेलं तापमान मंगळवारी वायफाय कार्डाचं निघतं. प्रोसेसर अचानक दहा अंशांनी थंड झाला म्हणून आपण भाच्याला फोन करतो, भाचा परीक्षेला बसलेला असतो.

आणि बघण्यानेही ताप वाढतो, ही यातली गोम. आकडे दर दोन सेकंदांनी गोळा करायला प्रोसेसरला उठावं लागतं. ज्या लॅपटॉपात वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं तिथे ते स्वस्थ झोपलेलं असताना केवळ 'तुझं तापमान किती' हे विचारण्यासाठी त्याला जागं केलं जातं.

खरी गोष्ट अशी की या सगळ्यात आपलं काहीच काम नसतं. प्रोसेसर मर्यादेजवळ गेला की आपला वेग आपणच कमी करतो. तरीही तापत राहिला तर लॅपटॉप आपला आपण बंद होतो. लिनक्स असो नसो, एलएम-सेन्सर्स असो नसो, मालक घरात असो किंवा शेगावला दर्शनाच्या रांगेत असो. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांनी मालकाच्या हाती काही सोपवलेलं नाही, आणि मालकांचा एकंदर वकूब बघता ते योग्यच झालं. आपल्याला मिळालंय ते बाल्कनीचं तिकीट.

माझ्या घरात मात्र या आकड्यांना अखेर एक नोकरी मिळाली, आणि ती बायकोने लावून दिली. मी पीसेन्सर नावाच्या प्रोग्रॅमने तापमानाचा आलेख काढत होतो. लॅपटॉपवर काहीही चालू नसताना रोज दुपारी तीनच्या सुमारास रेघ ५२ वरून सरळ साठीकडे चढायची. मी प्रोसेसवर प्रोसेस तपासत होतो, कोणती वेळेवर जागी होते ते शोधत होतो. ती भाजी निवडता निवडता आलेखाकडे बघून म्हणाली, "अहो, तीनला कूलरची टाकी संपते." उठून पाइप लावला, टाकी भरली, ताट्या भिजल्या, आणि थोड्या वेळात रेघ खाली उतरू लागली. नागपुरात मे महिन्यात कूलरच्या टाकीत पाणी आहे की नाही हे सांगणारं यंत्र घरात असणं ही काय चीज आहे, ते एसीवाल्यांना कळायचं नाही. नाहीतर पंप कोरडा फिरत राहतो, जळतो, आणि नवतपात पंप बसवायला येणारा माणूस मिळवण्यापेक्षा आमदाराची भेट सोपी असते.

भाचा पुढच्या रविवारी आला तेव्हा त्याला ही कल्पना एवढी पटली की त्याने जेवणाआधीच स्क्रिप्ट लिहून दिली. तापमान ५९ च्या वर सलग पाच मिनिटं राहिलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ठसठशीत मराठीत सूचना झळकणार : 'कूलरमध्ये पाणी भरा.' मी म्हटलं, अरे, पण लॅपटॉप कामाने तापला तर? "मामा, तुम्ही असं काय काम करता त्याच्यावर?" तो म्हणाला. यावर घरातल्या कुणीही माझी बाजू घेतली नाही.

व्हिडिओ कॉल हे प्रोसेसरला कष्टाचं काम असतं. स्वतःचा चेहरा पाठवायचा, पंधरा जणांचे चेहरे उलगडायचे आणि वर आपला पडदा सगळ्यांना दाखवायचा. बुधवारी आमच्या ऑफिसची आढावा बैठक होती. मुंबईहून वरिष्ठ हजर होते आणि मी तिमाहीचा तक्ता पडद्यावर मांडून वसुली का घसरली ते समजावत होतो. घसरलेल्या आकड्याच्या बरोबर वर सूचना उमटली. 'कूलरमध्ये पाणी भरा.' मी ती मिटवली. पाच मिनिटांनी पुन्हा आली. मुंबईचे साहेब म्हणाले, "हा कुठला नवा हेड आहे?" कुणी काही बोलेना. तेवढ्यात अमरावतीच्या शाखेचे सहकारी माइक चालू करून म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं द्या. आमचाही पाहून येतो."